नळीच्या त्या टोकाला

१

यार्डात तिला सगळे फ्यूजताई म्हणत, आणि ते नाव तिनं स्वतःच ओढवून घेतलं होतं. कोणाचीही होडी दुरुस्तीला आली की इंजिनाकडे न बघता तिचा पहिला प्रश्न असायचा, "फ्यूज कुठाय?" मालक पार पुढे, सुकाणूजवळ कुठेतरी बोट दाखवायचा. मग ती चुकचुकायची. "अहो, कुलूप घराच्या दाराला लावतात, गल्लीच्या तोंडाला नाही. फ्यूज बॅटरीला चिकटून हवा. मधल्या वायरीला आग लागली तर तुमचा हा फ्यूज लांबून गंमत बघत बसेल." लोक हसायचे, पण काम तिच्याकडेच आणायचे. तिनं बांधलेली वायर दुसऱ्याला उसवायची वेळ सहसा येत नसे.

तिच्या धाकट्या भावाला बारक्या म्हणत. तो तिच्याहून हातभर उंच आणि चांगला आडवा होता, पण घरातलं शेंडेफळ, म्हणून बारक्या. गोदामातली नोकरी सोडून त्यानं जुनी लाँच घेतली होती आणि समोरच्या बेटावर माणसं ने-आण करायचा धंदा सुरू केला होता. लाँचवर बॅटरी एकच. दिवे, वायरलेस, पाणी उपसायचा पंप, सगळे त्याच एका बॅटरीच्या जिवावर. व्हायचं तेच झालं. एका दुपारी भर पाण्यात माणसं बसलेली असताना त्यानं किल्ली फिरवली आणि स्टार्टर नुसता कुरकुरला. लाँच वाऱ्यानं खडकांकडे वाहत निघाली. एका मच्छीमारानं दोर टाकला म्हणून वाचले.

त्या दिवसापासून भावजयीनं हाय खाल्ली होती. ती स्वतः यार्डात आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही तुमच्या हातानं दुसरी बॅटरी बसवल्याशिवाय हा माणूस पाण्यावर जाणार नाही. मी पुढ्यात आडवी पडेन."

"तू आडवी पडलीस तर मला वळसा घालून जावं लागेल," बारक्या म्हणाला. पण लाँच त्यानं मुकाट्यानं यार्डात आणली.

२

लाँच शेडमध्ये लाकडी टेकूंवर चढवून ठेवली होती. खालून चांगली वाळली होती. सकाळची वेळ होती आणि पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आत पडल्या होत्या. दोन्ही बॅटऱ्या खाली जमिनीवर फळीवर ठेवलेल्या. लाँचवर त्या क्षणी विजेचा थेंबही नव्हता.

बेत साधा होता. एक बॅटरी मागे इंजिनाशेजारी, फक्त इंजिन सुरू करायला. दुसरी पुढच्या बाकाखालच्या कप्प्यात, दिव्याबिव्यांसाठी, म्हणजे वजनही दोन्हीकडे सारखं राहील. इंजिन चालू असताना दोन्ही भरतील, बंद झालं की एकमेकींपासून सुटतील. दिवे रात्रभर जळले तरी इंजिनाची बॅटरी ताजीतवानी. प्रत्येकीला आपापला फ्यूज, दोघींच्या मध्ये जाडजूड लाल वायर.

वायर न्यायला वाटही तयार होती. आधीच्या कोणा मालकानं इंजिनाच्या खणातून पुढच्या कप्प्यापर्यंत एक प्लास्टिकची नळी टाकलेली होती, मनगटाएवढी जाड, तळाच्या फळ्यांखालून गेलेली. आत काही नव्हतं. तिनं फुंकर मारून पाहिली. समोरून धूळ उडाली तशी बारक्या खोकला. म्हणजे नळी मोकळी होती.

"मी इकडून ढकलते," ती म्हणाली. "टोक दिसलं की धर आणि ओढ. बोललेलं ऐकू यायचं नाही, मी नळीवर ठोकीन. एकदा ठोकलं की ओढ, दोनदा ठोकलं की थांब."

"आणि तीनदा ठोकलं की चहा," बारक्या म्हणाला आणि बॅटरी हातात घेऊन पुढे गेला. म्हणजे हातातली, उजेडाची.

ती इंजिनाच्या खणात गुडघ्यांवर बसली आणि वायर ढकलू लागली. जाड वायर आडमुठी असते, सुरुवातीला हीही अडून बसली. मग अचानक हलकी झाली. बारक्यानं टोक धरलं असणार. तिनं एकदा ठोकलं. वायर सरसर जाऊ लागली. तिला नुसतं भेंडोळं सोडत बसायचं होतं. ओढणाऱ्याच्या हाताला छान लय होती, एक ओढ, मग हात बदलायला लागेल तेवढी उसंत, पुन्हा ओढ. तिला बरं वाटलं. पोरगं शिकलं म्हणायचं.

भेंडोळं संपत आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की ते संपायला नको होतं. तिनं अंदाजानं लाँचच्या दीडपट वायर घेतली होती. तिनं घाईघाईनं दोनदा ठोकलं.

वायर तिथल्या तिथे थांबली.

३

ती वर आली. पुढच्या बाकाजवळ कोणी नव्हतं. बारक्या खाली शेडच्या नळावर ओंजळीनं पाणी पीत होता.

"ओढत काय सुटलास रे?" ती वरून म्हणाली. "गल्लीभर वायर घातलीस का आतल्या आत?"

त्यानं तोंड पुसलं. "मी कुठे ओढली? टोकच आलं नाही. वाट बघून बघून घसा सुकला, म्हणून उतरलो."

 पुढे जाऊन तिनं कप्प्यात डोकं घातलं. नळीचं तोंड तिथे होतं, काळं आणि रिकामं. वायरचा पत्ता नव्हता.

यात न समजण्यासारखं काही नाही, तिनं स्वतःला सांगितलं. नळी मध्येच कुठेतरी फुटलेली आहे. वायर बाहेर पडून फळ्यांखाली वेटोळं घालून बसली आहे. हलकी का झाली? फुटल्या जागी अडथळा संपला म्हणून. ठोकल्यावर थांबली, कारण ढकलणारी तीच होती आणि तिनंच हात थांबवला. सगळं नीट जुळत होतं. ती लय तेवढी जुळत नव्हती. पण हाताला काय, हात वाटेल ते सांगतो.

मागे जाऊन तिनं वायर परत ओढायला घेतली. ती मुकाट आली, सगळीच्या सगळी. शेवटचं टोक नळीतून बाहेर आलं तेव्हा ती ते हातात धरून तशीच बसून राहिली.

तिनं कापलेलं उघडं टोक आत घातलं होतं. आता त्या टोकाला तांब्याचा लग होता. बॅटरीच्या खांबावर बसवायचा, भोक असलेला लग, नीट दाबून बसवलेला, आणि मानेवर लाल रबरी आवरण तापवून चपखल चढवलेलं. काम इतकं स्वच्छ होतं की तिच्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानं कौतुक केलं असतं. तिनं आवरणाला बोट लावलं. ते अजून कोमट होतं.

"बारक्या," तिनं हाक मारली. तो आला. तिनं टोक त्याच्यापुढे धरलं. "ही थट्टा असेल तर आत्ताच सांग. मी रागावणार नाही."

त्यानं लग उलटसुलट करून पाहिला. "ताई, मला साधा प्लग बदलता येत नाही. आमच्याकडे येतेस तेव्हा तूच बदलतेस."

ते खरंच होतं.

४

तिनं लग कापून टाकला आणि पुन्हा एकदा वायर आत घालायची ठरवली. का, असं कोणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, नळी कुठे फुटली ते कळायला नको का? खरं कारण वेगळं होतं. न बघता सोडून दिलं असतं तर ती त्या रात्री झोपली नसती.

या वेळी तिनं बारक्याला पुढच्या टोकावर उभं केलं, खणाच्या झाकणातून तिला दिसेल असं. "हात वर कर. दोन्ही."

"शाळेत करायचो तसे?"

"तसेच. आणि खाली घेऊ नकोस."

तो हात वर करून उभा राहिला, आणि ती त्याच्याकडे बघत वायर ढकलू लागली. आडमुठी वायर थोडी आत गेली, थोडी अडली. मग हलकी झाली. तिनं हात काढून घेतला. वायर तिच्या गुडघ्याला घासत जात राहिली. एक ओढ, उसंत, पुन्हा ओढ.

बारक्याचे हात वर होते. त्याला तिथून वायर दिसत नव्हती, पण बहिणीचा चेहरा दिसत होता, आणि त्याचं हसू हळूहळू विरलं.

तिनं वायर दोन्ही हातांनी पकडली. तिकडची ओढ क्षणभर तशीच राहिली, अंदाज घेतल्यासारखी. मग थांबली. वायर ताणलेली राहिली. आता ती ना आत जाईना ना बाहेर येईना.

उघड्या टोकाला मीटर लावल्याशिवाय हात लावायचा नाही, ही तिची जुनी सवय. बॅटऱ्या खाली फळीवर होत्या हे डोळ्यांना दिसत असूनही तिनं वायरच्या आपल्याकडच्या टोकाला मीटरची एक सुई लावली आणि दुसरी इंजिनाच्या लोखंडाला.

मीटरवर बारा आकडा आला. वर थोडे अपूर्णांक. बॅटरी असती तर तो आकडा स्थिर राहिला असता. हा हळूच चढत होता, हळूच उतरत होता. ती बघत राहिली. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की तिचा स्वतःचा श्वास त्या आकड्याबरोबर वरखाली होऊ लागला आहे. तिनं सुई काढली.

या वायरचा फ्यूज कुठाय, असा प्रश्न सवयीनं तिच्या मनात आला. फ्यूज असायचा तो वीज जिथून येते तिथे, म्हणजे त्या टोकाला. त्या टोकाला.

५

बारक्याला मात्र सगळं उलगडलं. तो खाली वाकून म्हणाला, "म्हणजे तिसरी बॅटरी आहे. आधीच्या शहाण्यानं कुठेतरी लपवून बसवलीय. पुढे कप्प्यामागे फळी ठोकलेली आहे बघ, तिच्या पलीकडे."

"ठेवून गेला असेल तर इतक्या दिवसांत ती मेली असती."

"मग लग कोणी लावला?"

 पण त्याला या प्रश्नाच्या उत्तराची गरजही वाटत नव्हती. त्याला लाँच पाण्यात हवी होती. "फळी काढून बघतो."

"नको. आपण ही नळीच सोडून देऊ. दोन्ही बॅटऱ्या मागेच बसवते मी, शेजारी शेजारी. हातभर वायरीत काम होईल."

"आणि ही काय अशीच सोडायची? उद्या माणसं घेऊन जायचंय मला यातून, ताई. खाली काय जिवंत आहे ते न बघता?"

जिवंत हा शब्द वायरमनलोक नेहमीच वापरतात. तीही दिवसातून दहादा वापरायची. त्या वेळी तो तिला ऐकवला नाही.

"बघ, पण लवकर ये," ती म्हणाली. "मी वायर धरून बसते. मध्येच ओढली जायला नको."

तो पुढे गेला. स्क्रू फिरवल्याचे आवाज आले, फळी खाली टेकवल्याचा आवाज आला, आणि मग खरबडत आत शिरल्याचा. त्यानंतर शेडमध्ये शांतता झाली. बाहेर दूर कोणीतरी पत्र्यावर हातोडी मारत होतं. तेही थांबलं.

"ताई."

आवाज नळीतून आला. अगदी तोंडापाशी बसून बोलल्यासारखा, बारक्याचाच.

ती वाकली. "मिळाली का?"

"इथे बरीच जागा आहे."

"कुठे?"

"इथे. उभं राहता येतंय, ताई."

लाँच पुढे निमुळती होत गेलेली होती. त्या फळीमागे घागरही आडवी राहिली नसती. आणि बारक्याला घरातल्या दारातूनही मान वाकवून जावं लागे.

"बाहेर ये," ती म्हणाली. आपला आवाज चढू नये म्हणून तिनं दात आवळले होते. "बॅटरी राहू दे. आत्ताच्या आत्ता बाहेर ये."

 मग तोच आवाज, आता जरा खालच्या पट्टीत, शेजारी कोणी असावं आणि त्याला ऐकू जाऊ नये असा. "कुठून आलो ते दिसत नाहीये. इथे काम चालू आहे. ते वर बघत नाहीत."

"वायर आहे का तुझ्या हाताशी? लाल वायर?"

"आहे."

"घट्ट धर. मी ओढते."

"धरली."

तिनं पाय इंजिनाला टेकवले आणि ओढायला सुरुवात केली. वायर आली, जड आली. माणसाचं वजन कसं येतं ते तिला ठाऊक होतं. लहानपणी विहिरीच्या पायरीवरून घसरलेल्या याच भावाला तिनं असंच वर खेचलं होतं. वीतभर, मग आणखी वीतभर. तळहात सोलवटत होते. नळी मनगटाएवढी आहे, त्यातून माणूस कसा येणार, हा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो बाजूला सारला, कारण ओढणं थांबवणं त्याहून कठीण होतं.

तिच्या अंगावर सावली पडली.

६

खणाच्या झाकणाशी बारक्या उभा होता. केसांना जळमटं, शर्टाला धूळ. "तिथे काही नाही," तो म्हणाला. "पार टोकापर्यंत जाऊन आलो."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग हातातल्या वायरकडे. ती अजून तितकीच ताणलेली होती, तितकीच जड.

"ताई, थांबू नकोस," नळीतून आवाज आला. "ओढ ना."

शेडमधला उजेड तसाच होता, उन्हाच्या पट्ट्या तशाच. वर उभ्या असलेल्या बारक्यानंही तो आवाज ऐकला. ऐकलाच असणार. नळीचं तोंड त्याच्यापासून हातभर लांब होतं, आणि तो आवाज त्याचाच होता. ती वाट बघत राहिली. आता तो दचकेल. हे कोण, असं विचारेल. किमान तिचं नाव तरी घेईल.

तो शांतपणे खाली उतरला. तिच्या पेटीतली वायर कापायची मोठी कात्री त्यानं न शोधता उचलली, नळीच्या तोंडाशी वायर धरली, आणि एका दाबात कापली.

ठिणगी पडली नाही. कापलेलं टोक आत गेलं, सावकाश नाही, झटक्यात. नळीतून एक आवाज आला. तो शब्द नव्हता. पाण्यात पडणाऱ्या माणसाच्या तोंडून श्वास निघतो, तसा काहीसा.

तिनं पेटीतला टॉर्च काढून नळीच्या तोंडाला लावला. लावायला नको होता. नळीच्या पलीकडे लांबवर उजेड होता, पिवळा, कामाच्या जागी असतो तसा. कोणीतरी वाकून काम करत होतं, त्याची पाठ तेवढी दिसली. त्याच्या अलीकडे एकजण उभा होता, उंच, लाल वायरीचा तुकडा दोन्ही मुठींत छातीशी धरलेला. तो तिच्याच दिशेनं बघत होता.

बारक्यानं तिच्या हाताखालून हात घालून नळीच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबला आणि अंगठ्यानं घट्ट दाबला.

"झालं ना आता?" तो म्हणाला. "चल, चहा पिऊ."

७

दोन्ही बॅटऱ्या तिनं मागे बसवल्या, शेजारी शेजारी. प्रत्येकीला चिकटून फ्यूज, मध्ये स्विच, हातभर वायर. काम नीट झालं. नळीची दोन्ही तोंडं बारक्यानं स्वतः, खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी भरून बंद केली. फळीही त्यानंच परत बसवली. पण त्याआधी, तो लांबी आणायला गेला असताना, ती पुढे गेली आणि फळीमागे डोकावली. दोराचं एक भेंडोळं मावेल एवढी जागा होती. बारक्याचे खांदेही आत गेले नसते.

तर तो खोटं बोलला, तिनं स्वतःला समजावलं. आळशी आहे. लहानपणीही गृहपाठ झाला म्हणून असाच ठोकून द्यायचा. पण मग ती जळमटं कुठली, आणि तो तेवढा वेळ होता कुठे, हे तिनं पुढे विचारात घेतलं नाही.

लाँच पाण्यात उतरली. पहिल्याच किल्लीला इंजिन लागलं. भावजयीनं डोळ्यांना पदर लावला आणि तिचे हात हातात घेतले. धंदा चांगला चालला आहे. रात्रभर दिवे जळले तरी सकाळी इंजिन कुरकुरत नाही. लोक म्हणतात, फ्यूजताईच्या हाताला यश आहे.

बारक्या तिच्याकडे येतो, जेवून जातो. तिनं त्याला आडून आडून बरंच विचारून पाहिलं आहे. वडील रागावले की कुठे लपायचा, विहिरीतून वर आल्यावर पहिलं काय बोलला. तो सगळं बरोबर सांगतो, एखादी गोष्ट तिच्यापेक्षाही बरोबर. थट्टा तशीच करतो. बायकोशी आधीपेक्षा गोड वागतो. बोट ठेवावं असं काही नाही, आणि ती शोधते म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटते.

फक्त त्या दिवसाबद्दल त्यानं एकदाही विचारलं नाही. कोण होतं, आवाज कोणाचा होता, तू कोणाला ओढत होतीस. माणूस एवढं तरी विचारतो.

मागच्या आठवड्यात ताटावर बसल्या बसल्या त्यानं मान वर केली. ती त्याच्याकडेच बघत होती. तो थोडा वेळ तसाच थांबला, घास हातात धरून, ती काही विचारेल याची वाट बघितल्यासारखा. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लपवाछपवी नव्हती. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

तिनं त्याला आणखी वाढलं.